नरक्या ते कॅम्प्टोथेसिन : औषधी वनस्पतींतील कर्करोगविरोधी संयुगांचा शोध

प्रस्तावना

औषधी वनस्पतींवरील संशोधनपर लेखनात ‘अमुक वनस्पतीच्या अर्कात कर्करोगविरोधी गुणधर्म आढळले’ हे वाक्य इतक्या वेळा येते की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची सवय सुटत चालली आहे. वस्तुतः या एका वाक्यात तीन निरनिराळी विधाने दडलेली असू शकतात. प्रयोगशाळेतील तबकडीत वाढविलेल्या कर्कपेशी अर्कामुळे मेल्या, हे पहिले विधान. उंदराच्या शरीरातील अर्बुदाची वाढ थांबली, हे दुसरे. रुग्णाचे आयुष्य वाढले, हे तिसरे. बहुसंख्य निबंध पहिल्या विधानापाशीच संपतात आणि त्यात गैर काहीच नाही. विज्ञानात पहिली पायरी कोणी तरी चढावीच लागते. अडचण वेगळी आहे. लिहिणारा पहिले विधान करतो. पण ते वृत्तपत्रात किंवा दूरध्वनीवरील संदेशात पोहोचले, की वाचणारा रुग्णाचा नातेवाईक तिसरे विधान ऐकतो.

पहिल्या विधानापासून तिसऱ्यापर्यंतचे अंतर किती असते, हे एखाद्या संयुगाचा संपूर्ण प्रवास पाहिल्याखेरीज कळत नाही. त्यासाठी कॅम्प्टोथेसिन या अल्कलॉइडाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. शिवाय त्याचा महाराष्ट्राशी तीन ठिकाणी संबंध येतो. ते शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक नंदुरबारचा होता, त्याच्या एका समृद्ध उगमाची नोंद मुंबईतील गोरेगाव येथील प्रयोगशाळेतून झाली, आणि तो उगम म्हणजे सह्याद्रीतील नरक्या हे झाड होय.

कॉर्टिसोनच्या शोधात सापडलेले संयुग

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉर्टिसोन या संप्रेरकाला संधिवातावरील औषध म्हणून मोठी मागणी आली. ते वनस्पतींतील स्टेरॉइडांपासून स्वस्तात तयार करता यावे, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने हजारो वनस्पतींची तपासणी हाती घेतली. फिलाडेल्फिया येथील प्रयोगशाळेत हे काम मन्रो वॉल या रसायनशास्त्रज्ञाकडे होते. तपासून झालेले अर्क त्यांनी फेकून न देता जपून ठेवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील जोनाथन हार्टवेल यांच्या विनंतीवरून त्यांपैकी सुमारे एक हजार अर्क कर्करोगविरोधी चाचणीसाठी पाठविण्यात आले. १९५८ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एक अर्क ठळकपणे उठून दिसला. तो होता कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या मूळच्या चिनी वृक्षाचा, ज्याला चीनमध्ये ‘शी शू’ म्हणजे आनंदवृक्ष म्हणतात. चाचणीतील नमुना मात्र कॅलिफोर्नियातील लागवडीतून आलेला होता.

१९६० मध्ये वॉल उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत गेले आणि तेथे हे काम पुन्हा सुरू झाले. १९६२ मध्ये मनसुख वाणी त्यांना येऊन मिळाले. वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले व इंडियाना विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळविली. वॉल आणि वाणी या जोडीच्या नावावर कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल अशी विसाव्या शतकातील दोन अत्यंत महत्त्वाची वनस्पतिजन्य कर्करोगविरोधी संयुगे आहेत. २०२० मध्ये वाणी यांचे निधन झाले. त्यांचे नाव महाराष्ट्रातील रसायनशास्त्राच्या वर्गांत फारसे ऐकू येत नाही, ही खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

या दोघांनी अवलंबिलेली पद्धत आज ‘जैवचाचणीच्या आधारे विभाजन’ या नावाने ओळखली जाते. वनस्पतीच्या अर्कात शेकडो संयुगे एकत्र असतात. त्यांतील जे मुबलक असेल किंवा सहज स्फटिकरूपात मिळेल ते वेगळे करून त्याची रचना शोधणे ही रसायनशास्त्रज्ञाची स्वाभाविक ओढ. परंतु मुबलक संयुग हेच क्रियाशील संयुग असेल याची कोणतीही खात्री नसते. म्हणून अर्काचे विद्रावकांच्या साहाय्याने भाग पाडायचे, प्रत्येक भागाची चाचणी घ्यायची, आणि ज्या भागात क्रिया टिकून आहे किंवा वाढली आहे तेवढाच पुढे न्यायचा. वॉल आणि वाणी यांच्याकडे त्या वेळी पेशींवरील झटपट चाचणी नव्हती. त्यांची चाचणी होती एल-१२१० या प्रकारचा रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर, आणि तिचे उत्तर यायला काही आठवडे लागत. थोडक्यात, हाती आलेला प्रत्येक भाग उंदराला विचारूनच पुढे न्यायचा, असा हा संथ व्यवहार होता. पण त्यामुळेच एक फायदा झाला. जिवंत प्राण्याच्या शरीरात जे टिकत नाही ते आपोआप गळून पडले.

अखेरीस फिकट पिवळे स्फटिक मिळाले. अतिनील प्रकाशात हे संयुग निळसर चमकते, त्यामुळे वर्णलेखनाच्या पट्टीवर त्याचा माग काढणे सोपे जाते. क्ष-किरणांच्या साहाय्याने रचना निश्चित झाली आणि १९६६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला. पाच वलयांच्या या रेणूत एका टोकाला लॅक्टोन प्रकारचे वलय आहे. त्या वेळी ते रचनेचा एक तपशील एवढेच वाटले असावे. पुढची तीस वर्षे सारा प्रश्न त्या वलयाभोवतीच फिरत राहिला.

मिटलेले वलय आणि उघडलेले वलय

कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे विरघळत नाही ते रुग्णाच्या शिरेतून देता येत नाही. यावर उपाय म्हणून अल्कलीच्या साहाय्याने लॅक्टोन वलय उघडून संयुगाचे सोडियम लवण तयार करण्यात आले. ते पाण्यात उत्तम विरघळते. १९७०च्या सुमारास या लवणाच्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या. सुरुवातीला काही रुग्णांत आशादायक प्रतिसाद दिसला, परंतु पुढील चाचण्यांत लाभ अत्यल्प व हानी मोठी असे चित्र पुढे आले. अस्थिमज्जेचे कार्य मंदावले, आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७२ मध्ये हे काम थांबविण्यात आले.

चूक कोठे झाली होती, हे नंतर उलगडले. औषधाचा प्राण त्या मिटलेल्या वलयातच होता. वलय उघडलेले असताना रेणू जवळजवळ निष्क्रिय असतो. मूत्र आम्लधर्मी असल्याने तेथे वलय पुन्हा मिटते आणि रेणू सक्रिय होतो. म्हणजे अर्बुदापाशी निष्क्रिय आणि मूत्राशयात सक्रिय, असा उलटा प्रकार घडत होता. यात आणखी एक गुंतागुंत होती. मानवी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन वलय उघडलेल्या रेणूला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे रक्तात समतोल निष्क्रिय रूपाकडे झुकतो. उंदराच्या रक्तात असे तितक्या प्रमाणात घडत नाही. उंदरातील उत्तम निष्कर्ष माणसात का उतरले नाहीत, याचा एक भाग येथे सापडतो. प्राण्यांवरील प्रयोग मानवी रुग्णासंबंधी किती सांगू शकतात, या प्रश्नावर वर्गात चर्चा करायची असेल तर यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे.

१९७२ नंतर हे संयुग जवळजवळ विस्मृतीत गेले होते. त्याला पुनर्जन्म मिळाला तो १९८५ मध्ये, जेव्हा लेरॉय लिउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पेशीत नेमके कोठे काम करते हे दाखवून दिले. डीएनएची दुहेरी साखळी पिळलेल्या दोरीसारखी असते. अशी दोरी मध्येच उकलू लागली की पुढचा पीळ अधिकच आवळत जातो. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची प्रत काढताना नेमके हेच घडते. हा ताण सोडविण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे एंझाइम दोनपैकी एका धाग्याला छेद देते, पीळ सैल होऊ देते आणि छेद पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या छेदाच्या फटीत जाऊन बसते आणि जोडणी होऊ देत नाही. प्रत काढणारी यंत्रणा त्या जागी येऊन आदळली की एका धाग्यातील छेदाचे रूपांतर दोन्ही धागे तुटण्यात होते आणि पेशी मरते. वेगाने विभाजन पावणाऱ्या कर्कपेशींवर त्याचा परिणाम अधिक का होतो, आणि त्याचबरोबर अस्थिमज्जा व आतड्याचे अस्तर यांनाही इजा का पोहोचते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

मग हे विष स्वतः तयार करणारा वृक्ष जगतो कसा? २००८ मध्ये जपानी प्रयोगशाळेतून आलेल्या संशोधनाने दाखविले की कॅम्प्टोथेका वृक्षाच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेज-१ मध्ये काही अमिनो आम्ले बदललेली आहेत व त्यामुळे कॅम्प्टोथेसिन तेथे नीट बसू शकत नाही. विशेष म्हणजे यांतील एक बदल औषधाला दाद न देणाऱ्या मानवी कर्कपेशींमध्ये आधीच नोंदला गेला होता. वनस्पतीने उत्क्रांतीच्या ओघात शोधलेली युक्ती कर्कपेशीने रुग्णाच्या शरीरात काही महिन्यांत शोधून काढावी, हे विलक्षण आहे.

क्रियेचे स्थान कळल्यावर वलय न उघडता विद्राव्यता वाढविण्याचा मार्ग रसायनशास्त्रज्ञांनी घेतला. त्यातून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे निघाली. इरिनोटेकानला जपानमध्ये १९९४ मध्ये, आणि दोन्ही औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पहिले अंडाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. १९५८ मधील चाचणीपासून मोजले तर हा काळ ३८ वर्षांचा होतो. अलीकडे प्रतिपिंडाला औषधाचा रेणू जोडून तो थेट अर्बुदाकडे पाठविण्याची जी पद्धत रुळली आहे, त्यातील ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान (अमेरिकेत मान्यता २०१९) आणि सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान (२०२०) या दोहोंचा मारक भाग कॅम्प्टोथेसिनच्याच कुळातील आहे.

पानाचा रस आणि औषधाची मात्रा

येथे सदाफुलीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मूळची मादागास्करची ही वनस्पती महाराष्ट्रात अंगणाअंगणांत आहे आणि मधुमेहावर तिची पाने किंवा फुले खाण्याची प्रथाही सर्वपरिचित आहे. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी नेमका हाच मधुमेहविषयक समज तपासायला घेतला. प्रयोगातील उंदरांच्या रक्तातील साखर अपेक्षेप्रमाणे उतरली नाही. उतरल्या त्या श्वेतपेशी. या निरीक्षणातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आले आणि पुढे अमेरिकेतील एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेतून व्हिनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिनक्रिस्टिनचे स्थान आजही अढळ आहे.

यावरून ‘सदाफुलीची पाने कर्करोगावर गुणकारी’ असा निष्कर्ष काढणे मात्र घोडचूक होय. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे अर्धा टन वाळलेली पाने लागतात. व्हिनक्रिस्टिनचे प्रमाण त्याहूनही कमी असते. रुग्णाला व्हिनक्रिस्टिन शिरेतून, बहुधा दोन मिलिग्रॅमच्या मर्यादेत, रक्ततपासणी करून दिले जाते. मूठभर पानांच्या रसात औषधाची ही मात्रा असणे शक्य नाही. मात्र त्या पानांत सत्तरहून अधिक इतर अल्कलॉइडे असतात व ती निरुपद्रवी नाहीत. औषध वनस्पतीत आहे, पण वनस्पती हे औषध नव्हे. हा भेद अर्कावर काम करणाऱ्याने विसरता कामा नये.

लक्ष्मणफळाची गोष्ट अधिक चिंताजनक आहे. रामफळ-सीताफळाच्या कुळातील या फळाच्या ॲनोनासिनसारख्या संयुगांनी तबकडीतील कर्कपेशी मरतात, हे खरे. त्या पेशींतील ऊर्जानिर्मितीची साखळी ती तोडतात. पण निरोगी चेतापेशींनाही तीच साखळी लागते. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर कंपवातासारख्या, परंतु नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या विकाराचे प्रमाण असाधारण आढळले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा संबंध या कुळातील फळे व पानांचा काढा यांच्या सेवनाशी जोडण्यात आला. हा संबंध सहचर्याचा आहे, कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या फळाच्या बाजूने रुग्णावरील एकही पक्का पुरावा नाही आणि विरोधात एवढी शंका आहे, त्याचा काढा उपचार सोडून पिणाऱ्या रुग्णाला ‘संशोधनाने सिद्ध’ असे शब्द कोठून मिळाले, याचा विचार प्रकाशित करणाऱ्यांनी करणे आवश्यक आहे. उपचारांत गेलेले तीन-चार महिने कर्करोगात परत मिळत नाहीत.

पारंपरिक ज्ञान येथे कितपत उपयोगी पडते, याविषयी सरसकट विधान करणे अवघड आहे. हार्टवेल यांनी जगभरच्या लोकवैद्यकातून कर्करोगासाठी वापरल्या गेलेल्या तीन हजारांहून अधिक वनस्पतींची सूची १९६७ ते १९७१ या काळात प्रसिद्ध केली. परंतु जुन्या नोंदींतील ‘गाठ’, ‘व्रण’ किंवा ‘अर्बुद’ म्हणजे आजचा कर्करोगच, असे धरून चालता येत नाही. चामखिळीवर वापरल्या जाणाऱ्या पॉडोफायलममधून इटोपोसाइड निघाले, हे परंपरेच्या बाजूचे उदाहरण. सदाफुलीत परंपरेने वेगळ्याच रोगाकडे बोट दाखविले होते. कॅम्प्टोथेका तर स्टेरॉइडसाठी तपासला जात होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० पासून सुमारे वीस वर्षांत एक लाख चौदा हजारांच्या आसपास अर्क तपासले. त्या प्रचंड खटाटोपातून रुग्णाच्या उपयोगी पडलेली संयुगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील पहिली पायरी

भारतात अशा व्यापक तपासणीचा आरंभ लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६०च्या दशकातच केला. आज महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांतही हे काम चालते. त्याचे सर्वसाधारण स्वरूप ठरून गेले आहे: पाने वाळवायची, मेथॅनॉलमध्ये अर्क काढायचा, एखाद्या पेशीवंशावर एमटीटी चाचणी करून घ्यायची आणि निम्म्या पेशी मारणारी संहती नोंदवायची. या साखळीतील प्रत्येक दुवा कच्चा राहू शकतो.

एमटीटी हे पिवळे रंगद्रव्य जिवंत पेशीत जांभळे होते, यावर ही चाचणी आधारलेली आहे. वनस्पतीतील फिनॉलवर्गीय संयुगे पेशी नसतानाही हा रंगबदल घडवू शकतात. म्हणून पेशीविरहित नियंत्रण-प्रयोग हवाच, आणि तोच बहुधा वगळला जातो. टॅनिने प्रथिनांना चिकटतात व त्यामुळे अनेक चाचण्यांत खोटी आशा दाखवितात. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आरंभीच्या कार्यक्रमातही टॅनिनांनी असाच चकवा दिला होता, आणि पुढे ती आधीच काढून टाकण्याचा पायंडा पडला. हळदीतील कुर्क्युमिन हे तर अशा चकव्याचे अभ्यासनीय उदाहरण आहे. हजारो निबंध होऊनही २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या सविस्तर आढाव्यात त्याची अस्थिरता, शरीरातील अत्यल्प उपलब्धता आणि चाचण्यांतील ढवळाढवळ यांवर बोट ठेवण्यात आले.

संहतीचा प्रश्नही असाच. नवी मुंबईतील खारघर येथील ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत कर्करोगविरोधी चाचणीची सुविधा आहे. तेथे वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी अर्काची संहती मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तरच अर्क क्रियाशील धरला जातो. शुद्ध संयुगासाठी ही मर्यादा १० आहे. दोनशे-तीनशे मायक्रोग्रॅमला पेशी मारणारा अर्क ‘प्रभावी’ म्हणून छापला जातो तेव्हा या निकषाची आठवण करून द्यावी लागते. इतक्या संहतीला पुष्कळ निरुपद्रवी पदार्थही पेशींना जड जातात. निरोगी पेशींवर त्याच अर्काचा काय परिणाम होतो, हा आकडा शेजारी नसेल तर कर्करोगविरोधी हे विशेषण लावण्याचा अधिकारच उरत नाही. तो अर्क केवळ पेशीमारक असतो. पेशीवंशाच्या ओळखीबाबतही सावधपणा हवा. जगभर अनेक पेशीवंशांत हेला पेशींची भेसळ आढळलेली आहे, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या अधिकृत भांडारातूनच ते घेणे इष्ट.

आणि सर्वांत साधी गोष्ट, जी सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते: ती वनस्पती नेमकी कोणती होती? बाजारातून आणलेल्या मुळ्या किंवा साली या एकाच जातीच्या असतात असे नाही. साक्षी-नमुना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील पश्चिम विभागात, आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा क्रमांक निबंधात दिला नसेल, तर तो प्रयोग दुसऱ्या कोणाला पुन्हा करताच येत नाही. या कामाला महागडे उपकरण लागत नाही. लागते ते वनस्पतीचे ज्ञान, आणि त्या बाबतीत महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग मोठ्या औषध कंपन्यांपेक्षा पुढे असू शकतात. नरक्याच्या उदाहरणावरून हे पटावे.

सह्याद्रीतील नरक्या

गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे संचालक असलेले टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये मॅपिया फेटिडा या वनस्पतीत कॅम्प्टोथेसिन असल्याची नोंद केली. अमेरिकेत रुग्णांवरील चाचण्या थांबल्या, त्याच वर्षी. ही वनस्पती म्हणजेच नरक्या. आजचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. फुलांना दुर्गंधी येते, त्यावरून जुन्या नावातील ‘फेटिडा’ आले. चिनी वृक्षाच्या तुलनेत नरक्यात कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण बरेच अधिक असते. वाळलेल्या लाकडात किलोमागे एक ते तीन ग्रॅम अशा नोंदी आहेत, आणि मुळांत ते आणखी अधिक मिळते. आयुर्वेदाच्या परिचित ग्रंथांत कर्करोगावरील औषध म्हणून या झाडाला स्थान नव्हते. डोंगरातल्या लोकांच्या लेखी ते एक घाणेरड्या वासाचे लहानसे झाड होते.

१९९०च्या दशकात इरिनोटेकान व टोपोटेकान बाजारात आली आणि या झाडाला भाव आला. रेणूची संपूर्ण कृत्रिम निर्मिती शक्य असली तरी परवडणारी नसल्याने कच्चे कॅम्प्टोथेसिन अजूनही मुख्यतः वृक्षांतूनच घेतले जाते. चीनमध्ये कॅम्प्टोथेकाच्या लागवडी आहेत. सह्याद्रीत मात्र जंगलातील झाड तोडणे हाच सोपा मार्ग ठरला. नरक्याची बेकायदा तोड व वाहतूक वनविभागाने पकडल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्र व कोकणातून वारंवार येत राहिल्या. पाला तोडला तर झाड पुन्हा फुटते, बुंधा राखून तोडले तरी फुटते; पण मुळांत अधिक माल असल्याने झाड मुळासकट उपटले जाते, आणि मग मागे काहीच उरत नाही. तोडणाऱ्या गावकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम आणि औषधाच्या कुपीची किंमत यांची तुलनाही होऊ शकत नाही.

याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००५ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारे एक कवक वेगळे केले, जे स्वतंत्रपणे कॅम्प्टोथेसिन तयार करते. झाड न तोडता टाकीत औषध पिकविण्याची ही कल्पना मोहक होती. परंतु अशी कवके प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढविली की त्यांची ही क्षमता घटत जाते, असा अनुभव पुढे आला. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचे फलित अधिक व्यवहार्य आहे. पश्चिम घाटातील निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांची तपासणी करून त्यांनी दाखविले की कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण झाडागणिक आणि ठिकाणागणिक फार वेगळे असते. याचा अर्थ असा की अधिक प्रमाण असलेली मोजकी झाडे निवडून त्यांची रोपे लावता आली, तर हजारो जंगली झाडे वाचू शकतात. मात्र त्यासाठी ती झाडे आधी जागेवर उभी असली पाहिजेत. एखाद्या डोंगरावरील नरक्या संपतो तेव्हा एक झाड जात नाही, निवडीला उपलब्ध असलेले वैविध्य जाते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने विदेशी व्यक्ती व कंपन्यांना जैविक संसाधनासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी बंधनकारक केली आणि स्थानिक समित्यांना लोकजैवविविधता नोंदवहीचा आधार दिला. २०२३ च्या दुरुस्तीने आयुष वैद्यकांना आणि लागवडीतील औषधी वनस्पतींना काही सवलती दिल्या. लागवडीचा माल आणि जंगलातील माल यांतला फरक तपासणी नाक्यावर ओळखायचा कसा, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार झाला आहे.

संशोधकापुढचा पेच याहूनही जवळचा आहे. एखाद्या विभागाने आपल्या तालुक्यातील नरक्याची पाहणी केली, कोणत्या उतारावरील झाडांत सर्वाधिक अल्कलॉइड आहे ते शोधले, आणि अक्षांश-रेखांशासह निबंध प्रसिद्ध केला, तर तो निबंध तोड करणाऱ्यासाठी आयता नकाशा ठरतो. स्थान लपविले तर प्रयोगाची फेरतपासणी होत नाही. यावर काही संशोधक अवलंबितात तो मार्ग असा: नेमके स्थान साक्षी-नमुन्यासोबत वनस्पतिसंग्रहात व वनविभागाकडे नोंदवायचे आणि छापील निबंधात केवळ तालुका द्यायचा. नरक्याचे बी वाळल्यावर रुजण्याचे प्रमाण कमी असते, म्हणून पिकून जांभळी-काळी झालेली फळे पाहणीच्या वेळीच गोळा करून ताजे बी महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत पेरणेही त्याच फेरीत होऊ शकते.